ब्रूडर पेटलेत तरी पिल्लं गारठतात, पंखे चालू तरी पक्षी धापतात: नवीन सामान घ्यायच्या आधी हे तपासा

थंडीत फोन येतो, "ब्रूडर अजून दोन वाढवू का?" (ब्रूडर म्हणजे पिल्लांना ऊब देणारी गॅसची शेगडी) आणि उन्हाळ्यात तोच माणूस विचारतो, "पंखे अजून चार लावू का?" मी कोंबड्यांच्या शेडचं फिटिंग आणि दुरुस्ती बघतो, सिन्नर-संगमनेर-निफाड पट्ट्यात जास्त, मधून मधून पालघर आणि विदर्भाकडेही जाणं होतं. बहुतेक ठिकाणी सामान पुरेसं असतं, पण शेडात उष्णता किती येते आणि किती निघून जाते हे कुणी कागदावर मांडलेलं नसतं, त्यामुळे पैसे भलतीकडे जातात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. आकडे सगळे आपल्याकडच्या साध्या ओपन शेडचे (बाजू उघड्या, त्यांना पडदे) धरलेत, ३० बाय १७० फूट, ५,००० ब्रॉयलर म्हणजे मांसाच्या कोंबड्या. तुमचं माप वेगळं असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

आधी लक्षणं बघून घ्या, कारण याच्यात न बसणारी मर असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

थंडीतली लक्षणं

पिल्लं ब्रूडरखाली एकावर एक चढतात, किंवा चिक गार्डच्या, म्हणजे पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाच्या, एकाच बाजूला ढीग होतो. ढीग एका बाजूला असेल तर समोरच्या बाजूने वारा येतोय असं समजा. पिल्लं ब्रूडरपासून लांब, गार्डला चिकटून, चोची उघड्या ठेवून असतील तर उलटं, तिथे उष्णता जास्त झालीय. पहाटे तीन-चारला चिवचिवाट बारीक आणि सलग ऐकू येतो. पिल्लू हातात घ्या आणि त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावा, गार लागले तर थर्मामीटर काहीही सांगो, पिल्लू गारठलेलं आहे. पिल्लं सोडून २४ तास झाल्यावर संध्याकाळी गळ्याखालची पिशवी चाचपा, जवळपास सगळ्यांची मऊ आणि भरलेली लागली पाहिजे, बऱ्याच रिकाम्या निघाल्या तर त्यांनी थंडीमुळे खाल्लंच नाहीये. बूड चिकटलेलं दिसतं. सातव्या दिवशी वजन निदान चौपट व्हायला पाहिजे, ४२ ग्रॅमचं पिल्लू १७०-१८० च्या घरात, त्याऐवजी लहान-मोठी अशी सरमिसळ दिसते. आणि याच बॅचमध्ये चौथ्या-पाचव्या आठवड्यात पोटात पाणी होऊन मर लागते, तेव्हा पहिल्या आठवड्याची थंडी कुणाच्या लक्षातही नसते.

उन्हाळ्यातली लक्षणं

महिनाभराच्या पुढचे पक्षी, दुपारी दोन ते संध्याकाळी सहा, आणि सगळ्यात वजनदार पक्षी आधी जातात. पंख सोडून, मान लांब करून, चोच उघडी ठेवून धापतात. मेलेला पक्षी तब्येतीने चांगला असतो, बऱ्याचदा पिशवीत खाद्यही असतं. खाद्य कमी, पाणी भरपूर, लिटर (जमिनीवर अंथरलेलं तूस) ओलं.

उन्हाळ्यात मर रात्री किंवा सकाळी सापडत असेल, लहान वयाचे पक्षी जात असतील, श्वासाची खरखर असेल, शेण रक्ताळ असेल तर हा तापमानाचा प्रश्न नाही, डॉक्टरला बोलवा आणि पोस्टमॉर्टेम करून घ्या. आणि अचानक ढिगाने पक्षी मेले तर उचलून कुठेतरी टाकू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, शेडात ये-जा बंद ठेवा.

१. थर्मामीटर कुठे टांगलाय ते बघा

हे सगळ्यात स्वस्त आणि याच्यातच सगळ्यात जास्त घोळ असतो. खांबाला, माणसाच्या डोळ्यासमोर टांगलेला थर्मामीटर माणसाचं तापमान सांगतो. गरम हवा वर जाते, म्हणून थंडीत तिथे ३२ दिसत असताना खाली तुसावर २७ सहज असतात. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, लिटरपासून दोन इंचांवर, ब्रूडरच्या कडेपासून थोडा बाहेर ठेवा, निदान तीन जागी. पहिल्या दिवशी तिथे ३२ ते ३४ पाहिजे, पुढे दर आठवड्याला अडीच-तीन डिग्री कमी करत जायचं. पिल्लं सोडायच्या आधी लिटर स्वतः २८ ते ३० असायला पाहिजे. पिल्लू गार तुसावर उभं राहिलं की पायातून थंडी शोषतं, वरची हवा कितीही गरम असो. म्हणून थंडीत २४ तास आधी ब्रूडर पेटवावे लागतात, तो गॅस वाचवायला जाऊ नका, कोबा असेल तर जास्तच, कोबा तापायला फार वेळ घेतो.

सगळे थर्मामीटर एकदा पाण्याच्या एकाच बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवा, जो वेगळा दाखवेल तो बाजूला टाका. शे-दीडशे रुपयाच्या वस्तूवर लाख-दीड लाखाचा निर्णय ठरतो म्हणून हे आधी.

२. रात्री अगरबत्ती घेऊन फिरा

दिवसा फट दिसत नाही. पहाटे वारा असताना अगरबत्ती पेटवा, पडद्याच्या खालच्या कडेला, दीड फुटी भिंतीच्या वर, दाराच्या चौकटीला आणि पडदे जिथे एकमेकांवर येतात तिथे धरा. धूर आडवा पळाला की तिथून गार हवा आत पडतेय. आपल्याकडे खूप शेडांचे पडदे वरती घट्ट बांधलेले आणि खालून गुंडाळून उघडायचे असतात, हे थंडीत पिल्लाला सगळ्यात वाईट, कारण जरा हवा द्यायला पडदा उचलला की गार वारा थेट पिल्लाच्या अंगावर. पडदा वरून खाली उघडणारा करून घ्या, म्हणजे हवा वरून येईल, वरच्या गरम हवेत मिसळेल आणि मग खाली उतरेल. दोरी-पुलीचं काम आहे, गावातला कुणीही करतो. खालची कड भिंतीला पट्टीने ठोकून टाका, तात्पुरतं बारदान आणि वाळूची पोती चालतात.

आता हिशोब, म्हणजे फटीला एवढं महत्त्व का देतोय ते कळेल.

५,००० पिल्लांसाठी ३० बाय ६० फुटांचा भाग वेगळा केला आणि ७ फुटांवर प्लास्टिकचं छत बांधलं असं धरा. चारी बाजूंचे पडदे मिळून साधारण ११७ चौरस मीटर भरतात आणि छत १६७. बाहेर पहाटे ८ डिग्री, निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत याच्याही खाली जातं, आणि आत ३२ पाहिजे, म्हणजे फरक २४ चा. एकेरी ताडपत्रीतून एका चौरस मीटरमागे, फरकाच्या एका डिग्रीला, साधारण ६ वॅट बाहेर जातात. ११७ गुणिले ६ गुणिले २४, म्हणजे जवळजवळ १७ किलोवॅट. छताला प्लास्टिक आणि पत्रा यांच्यामधे हवा अडकलेली असते म्हणून तिथे ६ ऐवजी ३ धरा, ते झाले १२ किलोवॅट. छत बांधलंच नसेल तर हेच २४ होतात.

राहिली हवा. आत साधारण ३५५ घनमीटर हवा आहे, ती तासाला एकदा पूर्ण बदलली की २.८ किलोवॅट जातात. नीट बांधलेल्या भागात दोनदा बदलली असं धरलं तर पावणेसहा. फटी असलेल्या शेडात वाऱ्याच्या रात्री आठ-दहा वेळा बदलणं काही विशेष नाही, म्हणजे २२ ते २८ किलोवॅट.

नीट बांधलेल्या शेडची बेरीज ३५ च्या आसपास. पिल्लं स्वतः ४ किलोवॅटच्या जवळपास उष्णता देतात, ते वजा केले की ३१ उरले. फटी असतील तर तोच आकडा पन्नासच्या पुढे. आता एलपीजी एक किलो जळला की १२.८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता मिळते, म्हणजे तासाला ४०० ग्रॅम गॅस घेणारा ब्रूडर हा ५ किलोवॅटचा झाला. फटींमुळे वीस किलोवॅट जास्त जात असतील तर चार ब्रूडर नुसते बाहेरची हवा तापवतायत. बारदान आणि पट्ट्या लावायला एक दिवसाची मजुरी लागते, चार ब्रूडर आणि महिनाभराचा गॅस किती लागतो ते तुम्हीच बघा.

हाच शेड पालघरला असेल आणि पहाटे बाहेर १८ डिग्री असेल तर फरक १४ चाच उरतो आणि लागणारी उष्णता जवळपास निम्मी, सोळा किलोवॅट. म्हणून पाहुण्याच्या शेडात किती ब्रूडर आहेत ते बघून आपले ठरवू नका, आपल्या गावचं पहाटेचं तापमान बघा. आणि जुना "पिल्लामागे एक ते दोन वॅट" हा नियम खोटा नाही, पण तो चिक गार्डच्या आत, ब्रूडरच्या छत्रीखाली तेवढीच जागा गरम ठेवायचा आहे आणि बाकी शेड फार गार नाही असं धरून आहे, उघड्या माळावरच्या पडद्याच्या शेडात पूर्ण भाग तापवायला तो लावला तर पहाटे फसणार.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, फटी बुजवा म्हणजे शेड हवाबंद करा असं नाही. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोच्या वर पाण्याची वाफ आणि तीन किलो कार्बन डायऑक्साइड आतच सुटतो. पूर्ण बंद शेडात सकाळी प्लास्टिकवरून पाणी ठिबकतं, लिटर ओलं होतं, अमोनिया चढतो, आणि पुढे पोटात पाणी होण्याचं एक कारण हेच. वरची चार-सहा इंच जागा रात्रभर उघडी पाहिजे. आत शिरल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर खाली बसलेल्या पिल्लाचं काय होत असेल याचा विचार करा. कोळशाची शेगडी किंवा बुखारी लावत असाल तर धुराडं शेडच्या बाहेर गेलंच पाहिजे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो पिल्लांसकट आत झोपलेल्या माणसालाही मारतो. ब्रूडिंगच्या शेडात कुणी झोपू नये.

३. पहाटे सिलेंडरला हात लावून बघा

संध्याकाळी ज्योत निळी आणि भरपूर, पहाटे तीनला पिवळी आणि बारीक, अशी तक्रार असेल तर ब्रूडर बहुतेक चांगले आहेत. सिलेंडरमधला द्रव गॅस होताना स्वतःचीच उष्णता घेतो, आणि एका १९ किलोच्या सिलेंडरवर चार-पाच ब्रूडर जोडले की तो इतका गार पडतो की बाहेरून दव किंवा पांढरा थर दिसतो, मग दाब पडतो आणि गॅस येत नाही. सिलेंडर उचलून बघितला तर अर्धा भरलेला असतो आणि लोक डीलरशी भांडतात. थंडीच्या रात्री एका सिलेंडरकडून सलग तासाला अर्धा-पाऊण किलोच्या वर अपेक्षा ठेवू नका. वरच्या हिशोबातले ३१ किलोवॅट म्हणजे तासाला अडीच किलो गॅस, म्हणजे चार-पाच सिलेंडर एकत्र जोडलेले पाहिजेत, एक संपल्यावर दुसरा असं नाही, सगळे एकाच वेळी चालू.

सिलेंडर गरम करायला खाली शेगडी ठेवणं किंवा उकळतं पाणी ओतणं, हे चुकूनही करू नका. सिलेंडर एकत्र जोडायची लाइन, रेग्युलेटर, होज हे काम गॅसवाल्या मेकॅनिककडूनच करून घ्या. साबणाचं पाणी लावून गळती बघणं एवढंच आपलं काम, बुडबुडे दिसले की व्हॉल्व्ह बंद, ज्योती बंद, आणि फोन. इथे थांबायचं.

४. उन्हाळा: आधी पत्रा बघा, पंखा नंतर

दोन किलोचा ब्रॉयलर साधारण १८ वॅट उष्णता सोडतो. ५,००० पक्षी म्हणजे ९० किलोवॅट, दिवस-रात्र. हे आपल्याला कमी करता येत नाही, फार तर पक्षी कमी करता येतात. पण पत्रा बघा. मे महिन्यात दुपारी एक वाजता तापमानाची गन पत्र्याच्या आतल्या बाजूला धरा, काळपट जुन्या पत्र्यावर ६० च्या वर आकडा सहज येतो. आत ४० असेल आणि पत्रा ६५, तर १७० फुटी शेडात वरून खाली ८० किलोवॅटच्या आसपास उष्णता उतरते, जवळजवळ पक्ष्यांच्या स्वतःच्या एवढीच. ही उष्णता सरळ पाठीवर पडते, वारा कितीही असला तरी पाठ तापतेच. पत्रा पांढरा करून ४८ वर आणला तर हाच आकडा २५-३० वर येतो. म्हणजे चुन्याने पन्नासेक किलोवॅटचं काम होतं, एवढं काम करणारे पंखे तुम्ही घेऊच शकणार नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी चुना आणि थोडं फेव्हिकॉल कालवून फवारणीच्या पंपाने मारा. शिडी आणि फळी लावून, कडेवरून. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, पत्रा तडकतो आणि माणूस आत पडतो, हे दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे होतं. वरती उसाचं पाचट टाकून तुषार लावणं हा पण चांगला उपाय आहे, पण भिजलेलं पाचट जड असतं, जुने लाकडी वासे किंवा गंजलेले अँगल असतील तर आधी फॅब्रिकेटरला दाखवा. कोरडं पाचट आणि लोंबणारी वायर एकत्र नको.

पत्रा भिंतीच्या बाहेर किती पुढे आलाय तेही बघा, तीन-चार फूट पाहिजे, नाहीतर तीननंतरचं ऊन आत शिरतं आणि पक्षी सावलीच्या बाजूला गर्दी करतात, गर्दीतला मधला पक्षी आधी जातो. शेड उत्तर-दक्षिण लांब बांधलेला असेल तर पश्चिमेला हिरवी जाळी पडद्यापासून दोन-तीन फूट लांब ताणून बांधा, पडद्याला चिकटवली तर वारा बंद होतो.

५. पाणी आणि खाद्याची वेळ

दुपारी दोन वाजता पाण्याच्या लाइनच्या शेवटच्या निपलचं (पक्षी चोचीने दाबून पाणी पितो ती तोटी) पाणी हातावर घ्या. कोमट लागलं तर पक्षी ते पीत नाही, आणि पाणी न प्यायलेला पक्षी धापून गार होऊ शकत नाही कारण त्याला घाम येत नाही, जीभ आणि श्वासातून पाणी उडवूनच तो जगतो. काळी टाकी पत्र्यावर उन्हात असेल तर सावलीत घ्या, ओलं बारदान गुंडाळा, आणि दुपारी दर दोन तासांनी लाइन शेवटून उघडून फ्लश करा. याला खर्चच नाही.

खाद्य सकाळी दहाच्या आत उचलून घ्या आणि पाचनंतर, ऊन उतरल्यावर द्या, रात्री लाइट देऊन खायला वेळ द्या. पचनाची उष्णता खाल्ल्यावर तीन-चार तासांनी जोरात असते, अकराला पोट भरलं की ती नेमकी उन्हाच्या तडाख्यात येते. पिल्लं देणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर वजन कमी येईल म्हणतो पण रात्री खाऊन ते बरंचसं भरून निघतं, मेलेल्या पक्ष्याचं मात्र काहीच भरून निघत नाही. दुपारी बसलेल्या पक्ष्यांमधून हळू चालत जा, ते उठले की पोटाखाली कोंडलेली गरम हवा सुटते. घाई आणि आरडाओरडा नको.

६. दोन थर्मामीटर, एकाला ओली वात

फॉगर (बारीक तुषार उडवणारे नॉझल) किंवा पॅडवर (पाणी सोडून ओली ठेवलेली जाळीदार भिंत, जिच्यातून हवा आत येते) पैसे घालायच्या आधी ही चाचणी करा. दोन सारखे थर्मामीटर घ्या, एकाच्या टोकाला सुती कापडाची ओली वात गुंडाळा, दोन्ही सावलीत पंख्यासमोर पाच मिनिटं धरा. कोरड्याचा आणि ओल्याचा जो फरक येईल, त्याच्या जास्तीत जास्त पाऊण भाग तुम्ही पाण्याने थंड करू शकता, मशीन कितीही महाग घ्या.

चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात ४४ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असली की ओला थर्मामीटर २३ च्या आसपास येतो. फरक २१, त्याचा पाऊण भाग सोळा, म्हणजे चांगल्या पॅडमधून हवा २८ ने आत येते. कोकणात ३४ डिग्री आणि ६५ टक्के असेल तर ओला २८.५, हवा फार तर ३० पर्यंत उतरणार आणि आर्द्रता ९० च्या जवळ जाणार. त्या हवेत पक्ष्याने धापून उपयोग नाही, कारण श्वासातलं पाणी उडतच नाही. तिथे पाणी फवारण्यापेक्षा वाऱ्याचा वेग आणि कमी पक्षी हेच कामाला येतात. वळीव पडून गेल्यावरची दमट दुपार देशावरही अशीच असते, बरीच मर त्याच दिवशी होते, लोक फॉगर अजून जोरात चालवतात आणि शेड कोंदतो. फॅरनहाइट तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १६० च्या वर गेली की फॉगर बंद करून फक्त वारा द्या, हा जुना नियम मोठ्या पक्ष्यांना बरोबर लागू पडतो.

उलट बाजूही आहे. पक्ष्याच्या अंगाचं तापमान ४१ च्या आसपास असतं. ४२-४३ ची कोरडी हवा नुसती पंख्याने अंगावर मारली तर पक्षी गार होत नाही, तापतो. तिथे आधी हवा ओली करून खाली आणायची, मग पळवायची. एक लिटर पाणी उडालं की पाऊण युनिटला जरा कमी उष्णता शोषतं, पण उडालं तरच. लिटरवर पडलेलं पाणी काही कामाचं नाही, नॉझल मोठे थेंब टाकत असतील तर काढून व्हिनेगरमध्ये भिजवा किंवा बदला.

७. पंखे आहेत तेच नीट चालतात का

पक्ष्याच्या उंचीवर पातळ फीत काठीला बांधून शेडभर फिरा. जिथे फीत हलत नाही तिथे पंखा नाही असंच समजा. ओपन शेडात सगळे पंखे एकाच दिशेने फेकणारे पाहिजेत, ३६ इंची पंख्याचा जोर चाळीसेक फुटांपर्यंत, त्याच्या पुढे दुसरा. समोरासमोर लावलेले पंखे एकमेकांचा वारा मारतात. सिंगल फेजचा पंखा हळू फिरत असेल तर आधी कंडेन्सर बदला, स्वस्तातली वस्तू आहे. जाळीवरची पिसं आणि धूळ ब्रशने काढा.

बंद शेडात, म्हणजे एका टोकाला पॅड आणि दुसऱ्या टोकाला हवा ओढणारे फॅन असलेल्या ईसी शेडात, पट्टा ढिला पडला, शटर धुळीने अर्धवट उघडतंय, एवढ्याने फॅनची बरीच हवा जाते आणि आवाजावरून काही कळत नाही. ४० फूट रुंद आणि सरासरी ८ फूट उंच शेडात मिनिटाला ६०० फूट वेग पाहिजे असेल तर १,९२,००० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट) हवा लागते. ५४ इंची दीड एचपीचा फॅन डब्यावर काहीही लिहिलेलं असो, पॅड लावल्यावरच्या दाबात त्याचे वीस-बावीस हजार धरा, म्हणजे नऊ-दहा फॅन. सहा इंची पॅडमधून मिनिटाला साडेतीनशे-चारशे फुटांच्या वर वेग नको, म्हणजे पॅड ५०० चौरस फुटांच्या आसपास पाहिजे. पॅड कमी आणि फॅन जास्त असं असेल तर फॅन वाढवून उलट हवा कमी येते, फॅन नुसता दाबाशी झगडतो. पॅडजवळ आणि फॅनजवळ पक्ष्याच्या उंचीवर मोजा, फरक तीन डिग्रीच्या आत असला तर हवा पुरतेय. पाच-सहा असेल तर हवा कमी पडतेय किंवा मधे कुठून तरी गरम हवा शिरतेय. पॅडवर कोरडे पट्टे दिसले तर हवा तिथूनच जाते, कारण तिथे अडथळा कमी, आधी वरची पाइप साफ करा. दोन-अडीच आठवड्यांच्या आतल्या पिल्लांवर हा वेग सोडू नका.

८. पक्षी कमी करा

हे लोकांना आवडत नाही, पण मार्च-एप्रिलमध्ये पडणाऱ्या बॅचला पक्ष्यामागे सव्वा चौरस फूट तरी जागा ठेवा, ५,१०० चौरस फुटांच्या शेडात चार हजार. कंपनीच्या सुपरवायझरला पिल्लं पडायच्या आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. पाचवा आठवडा संपत आला आणि उष्णतेची लाट सांगितली असेल तर वजनदार पक्षी आधी उचलायला लावा, दोन किलोचे हजार पक्षी गेले की १८ किलोवॅट उष्णता त्याच दिवशी कमी होते. पकड रात्री करा, भरदुपारी पकडलेला पक्षी गाडीत मरतो.

कुठे थांबायचं

थ्री फेज मोटर वारंवार ट्रिप होते, पॅनेल गरम लागतं, पत्र्याला किंवा फॅनच्या फ्रेमला हात लावला की झिणझिण्या येतात, तर लगेच मेन बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. ओल्या शेडात अर्थिंगचा दोष माणूस मारतो. डीपीवर व्होल्टेज कमी येत असेल तर तो महावितरणचा विषय, स्वतः फ्यूजला हात नको. ईसी शेडात मोठे पक्षी असताना लाइट गेली की हातात मिनिटं असतात, तास नाही, म्हणून आपोआप चालू होणारा जनरेटर आणि अलार्म नसेल तर आधी ते करा. आणि जनरेटर आठवड्यातून एकदा सगळे फॅन जोडून चालवून बघा, नुसता सुरू होतो एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

वरचं सगळं करूनही पॅड ते फॅन फरक कमी होत नसेल, किंवा नवीन ईसी शेड बांधायचा असेल, तर माझ्यासारख्याच्या अंदाजावर जाऊ नका, डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरकडून हवेचा आणि दाबाचा हिशोब लिहून घ्या, मग ऑर्डर द्या. त्याला बोलवताना शेडची आतली लांबी-रुंदी-उंची, पक्ष्यांची संख्या, वय आणि सरासरी वजन, पहाटे पाच आणि दुपारी दोनचं पक्ष्याच्या उंचीवरचं तापमान, त्याच वेळचा ओल्या वातीचा आकडा, आणि किती वाजता किती मर झाली हे निदान तीन दिवसांचं वहीत लिहून तयार ठेवा.